संगणक उंबरठ्यावर कां अडखळतो?

नगर शहरांत सावेडीच्या बाजूला एक मध्यमवर्गीय घर आहे अशी कल्पना करावी. रात्रीचे नऊ वाजले आहेत. जेवणें आटोपलीं आहेत आणि घरांतील मोठी मुलगी संगणकासमोर येऊन बसली आहे. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत तिला परीक्षेचा अर्ज पाठवावयाचा आहे, आणि अर्जाला लागणारे दाखले, फोटो व सहीची प्रत हें सारें त्याच संगणकांत आहे. ती कळ दाबते. दिवा लागतो, पंखा घुमूं लागतो, पडद्यावर कंपनीचें बोधचिन्ह उमटतें, त्याखालीं ठिपके गोल फिरूं लागतात, आणि एकाएकीं सारा पडदा निळा होऊन त्यावर इंग्रजी मजकुराच्या चार ओळी दिसतात. त्या वाचून होण्याच्या आंतच पडदा काळा पडतो आणि संगणक पहिल्यापासून सुरू होतो. पुन्हां तेंच बोधचिन्ह, तेच ठिपके, तीच निळाई. असें चार-पांच वेळां होतें.

मग घरांत सल्ल्यांना ऊत येतो. वडील म्हणतात, "थोडा वेळ बंद ठेव, तापला असेल." धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, व्हायरस आलाय, दुसरं काय!" शेजारचे काका डोकावून निर्वाळा देतात, "सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकून घ्या. तासाभराचं काम आहे."

या तीन सल्ल्यांपैकीं कोणताहि कदाचित् बरोबर ठरेल. परंतु सल्ला देणाऱ्यांपैकीं एकानेंहि संगणक नेमका कोठें अडखळतो हें पाहिलेलें नाहीं. काकांच्या सल्ल्यांत तर मोठाच धोका आहे. त्या तासाभराच्या कामांत अर्जाचे दाखले, दहा वर्षांचे कौटुंबिक फोटो आणि घराचे हिशेब हीं सारींच पुसलीं जातील. संगणक उंबरठ्यावर अडखळला म्हणजे घरांतील चीजवस्तु गेली असें नव्हे; ती बहुधा जागच्या जागीं सुखरूप असते. ती घालवावयाची कीं राखावयाची हें पुष्कळदां बिघाडावर नव्हे, तर बिघाडानंतरच्या पहिल्या तासांत माणूस काय करतो यावर अवलंबून असतें.

यासाठीं प्रथम संगणक सुरू कसा होतो हें समजून घेतलें पाहिजे. सुरू होणें ही एकच क्रिया नाहीं. ती एकावर एक चढत जाणाऱ्या पायऱ्यांची मालिका आहे. कळ दाबल्याबरोबर वीज आंत शिरते, ही पहिली पायरी. वीज मिळतांच मदरबोर्डवरील एका चिपेंत कायमचा लिहून ठेवलेला लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत. नव्यांत त्याची जागा यू.ई.एफ.आय. या प्रोग्रॅमनें घेतली आहे. तो मेमरी, पडदा, कळफलक वगैरे जागेवर आहेत कीं नाहींत याची हजेरी घेतो, ही दुसरी पायरी. हजेरी पुरी झाली कीं तो डिस्कवर जाऊन विंडोजला उठविणारा छोटा प्रोग्रॅम शोधून काढतो, ही तिसरी. तो छोटा प्रोग्रॅम विंडोजचा गाभा मेमरींत आणतो. आणि गाभा आपल्यामागून ड्रायव्हरांना, म्हणजे पडदा, ध्वनि, नेटवर्क, छपाईचें यंत्र यांच्याशीं बोलणाऱ्या दुभाष्यांना, आंत घेतो, ही चवथी. शेवटीं पासवर्ड विचारला जातो आणि माणसाचा प्रवेश होतो, ही पांचवी. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणें या एका विनोदी इंग्रजी कल्पनेवरून या साऱ्या प्रकाराला 'बूट होणें' असें नांव पडलें आहे.

या मालिकेंत एक उपयुक्त तर्क दडलेला आहे. ज्या पायरीवर पाय घसरतो तिच्या खालच्या पायऱ्या बहुतेक शाबूत असतात. ज्या संगणकाच्या पडद्यावर बोधचिन्ह उमटतें त्याला वीज मिळाली आहे आणि त्याची हजेरीहि झाली आहे. ज्याचे ठिपके फिरूं लागतात त्याला डिस्क सांपडली आहे. म्हणून सावेडींतील त्या मुलीचा संगणक चवथ्या पायरीवर घसरतो आहे एवढें तर, एकहि स्क्रू न काढतां, सांगतां येतें.

निळ्या पडद्याविषयींहि एक गैरसमज आहे. तो पाहून पुष्कळांना संगणकाचा प्राण गेला असें वाटतें. वस्तुतः तें संगणकानें स्वतःहून थांबणें असतें. गाभ्यांत गंभीर चूक आढळल्यावर तसेंच पुढें रेटल्यास साठविलेल्या मजकुराची नासाडी होण्याचा संभव असतो. म्हणून विंडोज सारें काम टाकून उभें राहतें आणि चुकीचें नांव पडद्यावर लिहितें. २०२५ मध्यें नव्या विंडोजसाठीं या पडद्याचा रंग निळ्याऐवजीं काळा करण्यांत आला, परंतु त्याचा अर्थ बदलला नाहीं. तो मजकूर क्षणांत नाहींसा होत असेल तर मोबाइलनें त्याचें चित्रण करून तें थांबवून वाचावें. एका कागदावर लिहून घेतलेलें तें चुकीचें नांव दहा तर्कांपेक्षां अधिक मोलाचें ठरतें.

चवथ्या पायरीवर पाय घसरला म्हणजे केवढा अनर्थ होऊं शकतो याचें उदाहरण साऱ्या जगानें एकदां पाहिलें आहे. नगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापूर हें घरांना दारें-कुलुपें न लावण्याच्या परंपरेसाठीं प्रसिद्ध आहे. संगणकांच्या जगांत मात्र दारावर पहारेकरी ठेवावाच लागतो, आणि चोराच्या आधीं जागें व्हावयाचें म्हणून हा पहारेकरी अगदीं गाभ्याशेजारीं, चवथ्या पायरीवरच उभा केलेला असतो. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचा फाल्कन नांवाचा प्रोग्रॅम हा असाच एक पहारेकरी. १९ जुलै २०२४ रोजीं, शुक्रवारीं, भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं या कंपनीनें नव्या चोरवाटांची माहिती देणारी एक लहानशी फाइल जगभरच्या आपल्या पहारेकऱ्यांकडे धाडली. त्या फाइलींतील एक नियम माहितीचा २१ वा रकाना तपासावयास सांगत होता. प्रोग्रॅमच्या हातीं मात्र २० च रकाने दिलेले होते. नसलेला रकाना वाचण्यासाठीं प्रोग्रॅम मेमरींतील भलत्याच जागीं गेला, आणि गाभ्याशेजारीं उभा असल्यामुळें कोसळतांना त्यानें गाभ्यालाहि बरोबर घेतलें.

कंपनीनें ती फाइल ७८ मिनिटांत, १० वाजून ५७ मिनिटांनीं, मागें घेतली. परंतु तोंवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारे ८५ लाख संगणकांवर तिचा परिणाम झालेला होता. विंडोज वापरणाऱ्या एकंदर संगणकांत हा आंकडा शेंकडा एकाहूनहि कमी. पण ते संगणक विमान-कंपन्यांचे, रुग्णालयांचे आणि पेढ्यांचे होते. भारतांत इंडिगो कंपनीचीं जवळजवळ दोनशें उड्डाणें रद्द झालीं आणि काहीं विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. रिझर्व्ह बँकेनें आपल्या देखरेखीखालील दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा झाल्याचें सांगितलें.

या प्रसंगाची खरी शिकवण दुरुस्तीच्या रीतींत आहे. चुकीची फाइल ७८ मिनिटांत मागें घेतली गेली, तरी कोसळलेल्या संगणकांपैकीं पुष्कळांना त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. कारण संगणक चवथ्या पायरीवरच पडत असल्यामुळें नवी फाइल आणण्याइतका वेळ त्याचा नेटवर्कशीं संबंधच जुळत नव्हता. अखेर माणसांना एकेका यंत्रासमोर जाऊन बसावें लागलें. त्यांनीं संगणक 'सेफ मोड' म्हणजे सुरक्षित अवस्थेंत उघडला, ती एकच फाइल पुसली आणि संगणक पुन्हां सुरू केला. विंडोज नव्यानें टाकण्याची गरज नव्हती. सांठविलेला मजकूर जागेवरच होता. तथापि एका ठिकाणीं अनेकांची गाडी अडली. ज्या संगणकांची डिस्क बिटलॉकरच्या सांकेतिक कुलुपांत होती ते दुरुस्तीपूर्वीं ४८ अंकी किल्ली मागत, आणि ही किल्ली ज्यांनीं नीट जपून ठेविली नव्हती त्यांना दुरुस्ती ठाऊक असूनहि करतां येईना. दुरुस्त झालेल्या यंत्रांचें प्रमाण शेंकडा ९९ च्या घरांत जावयास जुलैचा शेवटचा आठवडा उजाडला.

आतां पुन्हां घराकडे वळावें. एवढ्या मोठ्या संकटांत जी रीत उपयोगी पडली तीच घरच्या एकट्या संगणकालाहि लागू पडते.

संगणकांत मुळीं जीवच येत नसेल, किंवा येऊन दोन-चार सेकंदांत जात असेल, तर दोष पहिल्या पायरीचा समजावा. लॅपटॉप असेल तर त्याच जातीचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. मेजावरचा संगणक असेल तर भिंतींतील खटक्यापासून वायरपर्यंत एकेक दुवा तपासावा. नगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेंत येतो. उन्हाळ्यांत उडणारी बारीक धूळ पंख्याच्या पात्यांवर व जाळीवर बसते, हवा खेळेनाशी होते आणि तापलेला संगणक स्वतःच्या रक्षणासाठीं बंद पडतो. अशा वेळीं वडिलांचा सल्ला बरोबर ठरतो. पण थंड होण्याची वाट पाहण्याबरोबर जाळी साफ करणेंहि अवश्य असतें.

पंखा फिरतो, दिवे लागतात, क्वचित् शिट्टीसारखे ठराविक आवाज येतात, पण पडदा काळाच राहतो, असें असेल तर दोष दुसऱ्या पायरीचा, आणि संशय प्रथम मेमरीवर, म्हणजे रॅमवर, घ्यावा. मेजावरच्या संगणकाची वीज काढून रॅमच्या पट्ट्या खांचेंतून उपसून पुन्हां घट्ट बसविल्या कीं पुष्कळदां काम भागतें. दोन पट्ट्या असतील तर एका वेळीं एकच लावून पाहावी, म्हणजे दोषी कोणती तें आपोआप कळतें. बोधचिन्ह दिसून त्यानंतर डिस्क सांपडत नसल्याचा संदेश आला तर दोष तिसऱ्या पायरीचा. डिस्कची वायर ढिली झालेली असते, किंवा मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपून बायोसची आठवण पुसलेली असते. घड्याळांतील तारीख वर्षानुवर्षें मागें गेलेली दिसली तर या बॅटरीकडेच बोट दाखवावें.

चवथ्या पायरीच्या दोषाची चौकशी एका साध्या प्रश्नापासून सुरू होते: काल चालत होता, मग आज काय बदललें? नवें उपकरण जोडलें काय, नवा प्रोग्रॅम घातला काय, विंडोजचें अपडेट चालूं असतांना वीज गेली काय? उत्तर मिळो वा न मिळो, प्रथम छपाईचें यंत्र, पेन ड्राइव्ह आदि बाहेरचीं सारीं उपकरणें काढून संगणक सुरू करून पाहावा. तरीहि अडला तर विंडोजनेंच करून ठेविलेल्या एका सोयीचा लाभ घ्यावा. सुरू होण्याचा यत्न ओळीनें दोनदां फसला कीं पुढच्या खेपेस विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा पुढें आणतें. त्यांत सुरू होण्यांतील दोष आपोआप दुरुस्त करण्याची, नुकतेंच आलेलें अपडेट काढण्याची, संगणकाची मांडणी मागच्या एखाद्या तारखेवर नेण्याची आणि सुरक्षित अवस्थेंत उघडण्याची सोय असते.

सुरक्षित अवस्थेंत विंडोज अगदीं मोजके ड्रायव्हर आंत घेतें. बाकीच्यांना दाराबाहेर उभें करतें. म्हणून या अवस्थेंत संगणक नीट चालला तर मेमरी, डिस्क व विंडोजचा गाभा हीं बहुधा निर्दोष असून दोष बाहेरून आलेल्या एखाद्या दुभाष्याचा किंवा पहारेकऱ्याचा आहे असा निष्कर्ष निघतो. मग शेवटीं आलेला पाहुणा प्रथम बाहेर काढावा. एका वेळीं एकच बदल करावा आणि तो कागदावर टिपून ठेवावा. एकदम पांच बदल केल्यास संगणक सुरू झाला तरी कशानें झाला हें कळत नाहीं, आणि न झाल्यास गुंता पांचपट होतो. सुरक्षित अवस्थेंतहि संगणक कोसळत असेल तर मात्र मेमरीची व डिस्कची परीक्षा करणें प्राप्त होतें.

येथें एक सावधगिरीची सूचना. चुकीचें नांव इंटरनेटवर शोधूं लागल्यावर मदतीच्या नांवाखालीं दूरध्वनीचे अनेक क्रमांक समोर येतात. त्यांतील कित्येक लबाडांचे असतात. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा त्याच्या हातीं देणें म्हणजे दार बिघडलें म्हणून तिजोरीची किल्ली वाटसरूला देण्यासारखें आहे.

आणि आतां काकांचा सल्ला. सारें पुसून टाकणें हा उपाय आहे, पण तो शेवटचा. त्यापूर्वीं आंतील मजकूर बाहेर काढलाच पाहिजे. विंडोज उठत नसलें तरी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून डिस्कवरील फाइली दुसरीकडे उतरवितां येतात. किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडतां येते. डिस्क सांकेतिक कुलुपांत असेल तर यासाठींहि किल्ली लागते. जुन्या फिरत्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर मात्र घरगुती प्रयोग तेथेंच थांबवावेत, कारण मरणोन्मुख डिस्क जितक्या वेळां फिरवावी तितकी ती अधिक झिजते. अशी डिस्क जाणत्याच्या हातीं द्यावी. दुरुस्तीच्या दुकानांतहि "आधी डेटा काढा, मग बाकीचं बघा" असें स्पष्ट सांगून ठेवावें.

नगरच्या रहिवाशांना हा विचार परका वाटूं नये. १५९५-९६ मध्यें मोगलांनीं नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हां त्यांनीं तटाखालीं सुरुंग पेरले होते. चांदबिबीच्या माणसांनीं ते कोठें आहेत याचा शोध घेऊन कांहींतील दारू काढून टाकली. एक मात्र उडाला आणि तटाला मोठें भगदाड पडलें. चांदबिबी स्वतः तेथें उभी राहिली, आणि रातोरात तें भगदाड बुजविण्यांत आलें. तटाला खिंडार पडलें म्हणून कोणी आख्खा किल्ला पाडून नव्यानें बांधावयास घेतला नाहीं. खिंडार कोठें आहे तें पाहणें, आंतील माणसें व वस्तु सांभाळणें आणि तेवढाच भाग बुजविणें, हीच दुरुस्तीची रीत होय.

सावेडींतील त्या घरीं रात्रीं दहाच्या सुमारास याच रीतीनें काम सुरू होतें. तिसऱ्या खेपेस दुरुस्तीचा पडदा येतो, आणि तो ४८ अंकी किल्ली मागतो. घरांत कोणालाच ती ठाऊक नसते. सर्वांचे चेहरे उतरतात. मग वडिलांना आठवतें कीं हा लॅपटॉप घेतेवेळीं आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यावर त्याची नोंद केलेली होती. मोबाइलवरून तें खातें उघडतांच त्यांत किल्ली सांपडते. संगणक सुरक्षित अवस्थेंत उघडतो. मुलगी आधीं दाखले आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घेते, आणि मगच विचारते, "आज दुपारी कोणी काही जोडलं होतं का?" धाकटा भाऊ थोडा वेळ गप्प राहतो. "ताई, प्रिंटरबरोबर आलेला प्रोग्रॅम मी टाकला होता," तो हळूच सांगतो. तो प्रोग्रॅम काढला जातो. अकराच्या आंत संगणक पूर्ववत् सुरू होतो.

प्रत्येक घरीं शेवट असा गोड होईलच असें नाहीं. डिस्क खरोखरच निकामी झाली असती तर रात्रीं दहा वाजतां कोणतीहि युक्ति चालली नसती. तेव्हां उपयोगी पडली असती ती केवळ आधीं काढून ठेविलेली प्रत. म्हणून संगणक धडधाकट असतांनाच दोन कामें उरकून घ्यावीं. महत्त्वाच्या फाइलींच्या आणखी दोन प्रती असाव्यात, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा ऑनलाइन साठवणींत असावी. आणि ती ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घराच्या खरेदीखताशेजारीं ठेवावी. त्या घरच्या वडिलांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेण्यापूर्वींच तेवढें काम केलें. दुपारीं मुलीचा अर्ज वेळेवर गेला.